हमालाला मागे जाता यावं म्हणून

तीर्थरूप आक्का यांस,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यातली दोन अंगं जमिनीला टेकवायला मनाई केली आहे. तेव्हा उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.

तुमची प्रकृती उत्तम असणार. ती बिघडायला धजत नाही, हे आम्ही सगळे जाणतो. भाऊसाहेबांचा खोकला कसा आहे? त्यांना वाफ घ्यायला सांगा. (तुम्ही सांगितलंच असेल. तरी माझ्यातर्फेही सांगा, म्हणजे त्यांना निदान वाटेल की दोघांचं मत पडलं.) मी ठीक आहे. वेळेवर जेवतो, झोपतो, दाढी करतो. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तुम्हाला फोन करून कळवलं आहे की मी दार लावून हातावर बसून असतो आणि पाखराशी बोलतो. त्यावर तुम्ही निरोप दिलात की पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते, खोली आवरते आणि तुम्हालाही इकडे घेऊन येते. आक्का, हातावर बसलो होतो हे खरं आहे. पाखरू नव्हतं. बाकीचं सविस्तर लिहितो. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही बोलता.

तुम्ही गेल्या वेळी आलात तेव्हा तुमच्या बहिणीच्या खोलीतलं सामान खोक्यांत भरून खोक्यांवर 'द्यायचं', 'टाकायचं' असं मोठ्या अक्षरांत लिहून गेलात. तुमचं अक्षर फार चांगलं आहे. तिने बांधलेली रिमोटची बोट मात्र कुठल्याच खोक्यात मावली नाही, म्हणून ती टेबलावर राहिली. ती तिच्या बोटींच्या क्लबच्या अध्यक्षांना, म्हणजे त्या दंतवैद्यांना द्यायची असं तुमचं आणि त्यांचं माझ्यादेखत ठरलं. मी 'ठीक आहे' म्हटलं. मी नेहमीच म्हणतो. पण या वेळी मी पुढे हळूच जोडलं होतं, 'रविवारपर्यंत चालू झाली नाही तर.' तुम्ही तेव्हा चिकटपट्टी दातांनी तोडत होतात, त्यामुळे ऐकू गेलं नसेल. दंतवैद्यांनी ऐकलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'अहो, चालू करा की! रविवारी तळ्यावर पाच मिनिटं चालवून दाखवा, बोट तुमची. नाहीतर मी घेऊन जातो.' (हे गृहस्थ समोरच्याच्या तोंडात काही नसलं तरी उत्तरासाठी थांबत नाहीत. व्यवसायाची सवय.) तर असा करार झाला.

आता बोटीबद्दल. तुम्ही तिला खेळणं म्हणता. क्लबातल्या बाकीच्यांच्या बोटी खेळणीच आहेत, शिडांच्या, वेगाच्या, एकाकडे तर दोन मजली प्रवासी जहाज आहे आणि त्याच्या गच्चीवर खुर्च्यासुद्धा आहेत. पण या सगळ्या बोटी केव्हा ना केव्हा तळ्याच्या मध्यावर बंद पडतात, आणि मग मोठमोठी माणसं काठावर उभी राहून आपल्या बोटीकडे नुसती बघत बसतात. तुमच्या बहिणीने हे बघितलं आणि एक जाडजूड, बसक्या नाकाची बोट बांधली. नाकाला माझ्या जुन्या चपलेचा तळवा लावला (मला न विचारता, दुसरी चप्पल मी आठवडाभर शोधत होतो). नाव ठेवलं 'हमाल'. बंद पडलेल्या बोटीपर्यंत जायचं, तिला नाक लावायचं आणि ढकलत काठावर आणायचं, एवढंच त्याचं काम. ही गेल्यापासून ते काम करायला कोणी नाही. मध्यंतरी दंतवैद्य स्वतः छातीभर पाण्यात उतरले होते, पँटसकट.

हमालाला दोन मोटरी आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये काडेपेटीएवढं एक यंत्र असतं, त्याला स्पीड कंट्रोलर म्हणतात. मोटरने किती जोरात फिरायचं ते तो ठरवतो. हिने नवे कंट्रोलर आणले ते विमानांसाठी बनवलेले. विमानाला मागे जायची गरज पडत नाही, म्हणून त्यांच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये मागे जाणं हा प्रकारच नाही. हमालाला मात्र ढकलून झालं की मागे सरता आलं पाहिजे, नाहीतर तो ज्याला वाचवायला गेला त्याच्याच अंगावर चढून बसतो. तेव्हा कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडून आतला जुना प्रोग्रॅम पुसायचा आणि नवा भरायचा. याला फर्मवेअर अपडेट करणं म्हणतात. हिने एक कंट्रोलर केला. दुसरा करायचा राहिला. मग हिचं दुखणं बळावलं आणि दवाखानाच सुरू झाला.

मी आधी प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी भरून हमालाला सोडून पाहिलं. मागे जा म्हटलं की एक मोटर मागे जायची आणि दुसरी ऐकायचीच नाही. हमाल जागच्या जागी गरगर फिरायचा. त्याने बाथरूमची फरशी, आरसा आणि मी, तिघांनाही धुऊन काढलं. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. काम फक्त एका कंट्रोलरचं उरलं होतं. आक्का, मी नोकरीभर लिफ्ट तपासल्या आहेत. बारा माणसं ज्यावर भरवसा ठेवून उभी राहतात ते यंत्र ठीक आहे असं सही करून सांगितलं आहे. काडेपेटीएवढं यंत्र मला जमणार नाही, असं का मानायचं?

इंटरनेटवर एक व्हिडिओ सापडला. त्यात माणूस दिसत नाही, फक्त हात दिसतात. हात म्हणाले, हे अगदी सोपं आहे. (उजव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. त्यावरून मी काही बोध घ्यायला हवा होता.) हातांनी सांगितलं, आधी मोटरीवरचा पंखा काढा. मला वाटलं, ही सूचना धांदरट लोकांसाठी असेल. मी पंखा तसाच ठेवून बॅटरी लावली. मोटर सुरू झाली आणि तिने शेजारी पडलेली कॉम्प्युटरची केबल रिळावर दोरा गुंडाळावा तशी गुंडाळून घेतली. केबलच्या टोकाला कॉम्प्युटर होता. तो टेबलावरून सरकत हमालाच्या भेटीला निघाला. मी त्याला वाटेत धरलं. चहाचा कप मात्र मला धरता आला नाही. दुसऱ्या दिवशी नवी केबल आणली आणि पंखे काढून खिशात ठेवले.

आता खरी चूक सांगतो, ती तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेली नाही. आमच्या लिफ्टच्या धंद्यात डावं-उजवं लिफ्टच्या समोर उभं राहून ठरतं. माणूस बाहेर उभा असतो, दाराकडे तोंड करून; त्याच्या डाव्या हाताला ते डावं. बोटीत मात्र असं धरतात की आपण आत बसलो आहोत आणि पुढे बघतो आहोत. तुमची बहीण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची, त्यामुळे टबातून आणून पुन्हा तिच्या पद्धतीने ठेवलेल्या हमालाचं तोंड माझ्याकडे होतं. डावा कंट्रोलर राहिला आहे हे मला टबात दिसलं होतं. मी माझ्या डाव्या हाताचा कंट्रोलर उचलला आणि कॉम्प्युटरला जोडला.

अपडेट सुरू झाला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते, आणि तिच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की पट्टी पूर्ण भरेपर्यंत वीज तोडू नका. मी ते दोनदा वाचलं होतं. पट्टी निम्म्यावर आली आणि मोटरीने एकदम हिसका दिला. आक्का, लिफ्टने नको तेव्हा हिसका दिला तर आम्ही विचार करत नाही. आधी वीज तोडायची, मग विचार. हा नियम माझ्या डोक्यात नाही, हातात आहे. डोकं अजून ठळक अक्षरं आठवत होतं तोवर हाताने बॅटरी उपटून बाजूला ठेवलेलीसुद्धा होती. पट्टी थांबली. कंट्रोलर मेला. पुन्हा वीज दिली तरी मोटर हलेना. मग मी बोट वळवून बघितली, आणि तेव्हा लक्षात आलं की मी मारला तो उजवा. तिने केलेला.

त्या दिवशी जेवलो नाही. (वर वेळेवर जेवतो असं लिहिलं आहे, ते बाकीच्या दिवसांचं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली आणि पुन्हा बसलो. डाव्या कंट्रोलरला वीज दिली, निदान तो तरी जिवंत आहे का बघायला. या कंट्रोलरना वीज मिळाली आणि हुकूम मिळाला नाही की ते ठरावीक वेळाने मोटरीतून 'पीं' असा आवाज काढत राहतात. मला तो आवाज बरा वाटला. घरात कोणीतरी काहीतरी मागत होतं. म्हणून मी तो तसाच चालू ठेवून उजव्यावर काय उपाय आहे ते वाचत बसलो. तेवढ्यात शिवणकामाच्या बाई वर आल्या, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या.

'भाऊ, तुमच्याकडे पाखरू अडकलंय का?'

'नाही. मोटर आहे.'

'मोटर अशी चिवचिवते?'

'हुकुमाची वाट बघते आहे.'

त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. 'भाऊ, जेवण झालं का तुमचं?' असं फार मऊ आवाजात विचारलं. मी हो म्हटलं. त्या आतल्या खोलीकडे नजर टाकत, जिना उतरताना दोनदा मागे बघत गेल्या.

वाचता वाचता एक गोष्ट समजली. कंट्रोलरच्या आतलं सगळं पुसलं गेलं तरी एक छोटासा भाग सहसा पुसला जात नाही. त्याला मोटर फिरवता येत नाही, आवाज काढता येत नाही. त्याला एवढंच येतं की बाहेरून कोणी नवा प्रोग्रॅम दिला तर तो घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. हे वाचून मला जरा बरं वाटलं. म्हणजे उजवा मेला नव्हता. दोन्ही कंट्रोलर नव्याने करायचे, एवढंच. मी ठरवलं, करायचे.

अडचण फक्त हाताची होती. उजव्याला पुन्हा जोडलं, पट्टी सरकू लागली, मोटरीने त्याच जागी हिसका दिला आणि माझ्या हाताने पुन्हा बॅटरी उपटली. मी हाताला समजावलं. तिसऱ्यांदा तेच. नोकरीत या हाताचं कौतुक झालेलं आहे, त्यामुळे तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. शेवटी अपडेट सुरू केला, दोन्ही हात खुर्चीवर पालथे ठेवले आणि त्यांच्यावर बसलो. नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

'भाऊ, चादर आणलीय! वरून टाकली की पाखरू आपोआप सापडतं!'

'नंतर या.'

'दार तर उघडा!'

'आत्ता उठता येत नाही. मी हातावर बसलोय.'

'कशावर?'

'हातावर!'

'अगं बाई! पडलात की काय?'

'पडलो नाही. मुद्दाम बसलोय.' तेवढ्यात हिसका आला. हात खाली वळवळले. मी त्यांना दाबून धरलं आणि मोटरीला मोठ्याने म्हणालो, 'दे, किती हिसके द्यायचेत ते दे, मी उठणार नाही!' हे बाईंनी ऐकलं. पट्टी पूर्ण भरली. मी हातांवरून उठलो, त्यांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे कडी काढायला वेळ लागला. दार उघडलं तेव्हा बाहेर फक्त चादर होती. बाई खाली तुम्हाला फोन लावत होत्या. हा झाला त्या फोनचा इतिहास. दोष बाईंचा नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तुम्हालाच फोन केला असता.

त्यानंतर डावा केला. हिसका त्यानेही दिला. या वेळी हातांवर बसलो होतो खरा, पण ते हललेच नाहीत. मग दोघांच्या सेटिंग सारख्या केल्या, पंखे खिशातून काढून बसवले (एक धोब्याकडे जाता जाता वाचला) आणि टबात पाणी भरलं. मागे जा म्हटलं आणि हमाल सरळ मागे गेला. टब लहान आहे, त्यामुळे तो फार गेला नाही, पण जेवढा गेला तेवढा सरळ गेला. मी त्याला पुढे घेतलं, पुन्हा मागे घेतलं. पाणी गार होतं तरी बराच वेळ तिथेच बसलो होतो.

काल रविवार. दंतवैद्य तळ्यावर खोकं घेऊनच आले होते, हमालाला न्यायला, आत जुना टॉवेल अंथरलेला. माणूस चांगला आहे, पण तो टॉवेल बघून माझा निश्चय आणखी पक्का झाला. हमालाला पाण्यात सोडलं. त्यांनी स्वतःची वेगाची बोट सोडली, हमालाभोवती दोन गिरक्या मारल्या, आणि तळ्याच्या मध्यावर तिची बॅटरी संपली. हे मी घडवून आणलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन मजली जहाजवाले म्हणाले, 'जा हो, हमाल!' ते बोटीला म्हणाले की मला, कळलं नाही, पण आम्ही दोघेही गेलो. लिफ्ट मजल्याला लागताना जशी हळू होत जाते तसा मी हमाल हळू करत नेला, चपलेचा तळवा दंतवैद्यांच्या बोटीला टेकवला आणि ढकलत काठावर आणून सोडली. मग मागे घेतला. सरळ. दंतवैद्यांनी खोकं मिटलं, टॉवेलने आपली बोट पुसली आणि म्हणाले, 'पुढच्या रविवारी येताय ना? मला लागाल तुम्ही.' आणि आयुष्यात पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले. मी म्हटलं, येतो.

तेव्हा आक्का, बोट घरीच राहील. खोकी मी उघडली आहेत. 'द्यायचं'मधले हातमोजे आणि स्वेटर कोणाला द्यायचे ते तुम्ही सांगाल तसं देईन, पण 'टाकायचं'मधलं सगळं मला लागणार आहे, सोल्डरिंगचं सामान त्यातच निघालं. तुम्ही गाडी घेऊन येण्याचे कष्ट घेऊ नयेत. मला इथे काही कमी नाही, कोणाची अडचण नाही, आणि तुमच्याकडे येऊन राहण्याचा विचार सध्या नाही. हे मी नम्रपणे पण कायमचं लिहितो आहे. भाऊसाहेबांना नमस्कार. त्यांना वाफ.

आपला,
लहान बहिणीचा नवरा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी आज सकाळी सहज तळ्यावर जाऊन आलो. काल सगळा वेळ कोणाला तरी ढकलण्यात गेला, म्हणून म्हटलं, हमालाला एकदा नुसता फिरवून आणू, कोणाचं काही काम नसताना. तो छान फिरला. मग पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत नेला. तिथून मागे घेतला. मागे जायला लागलं की पंखे शेवाळ ओढून घेतात, हे व्हिडिओतल्या हातांनी सांगितलं नव्हतं. सध्या हमाल लव्हाळ्यात आहे. बंद पडलेल्या बोटी आणायला तळ्यावर एकच बोट आहे, आणि ती हीच.

आणखी एक. तुम्ही रोज सकाळी पोहायला जाता असं ही कौतुकाने सांगायची. पाणी दंतवैद्यांच्या छातीइतकं आहे आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा उंच आहात. पत्र संध्याकाळच्या कुरिअरने देतो आहे, उद्या मिळेल. पुढच्या आठवड्याऐवजी परवाच निघालात तर बरं. पोहण्याचा पोशाख आणा. गाडी आणाच. दोन दिवस राहण्याच्या बेताने या, म्हणजे स्वेटरचंही ठरवता येईल. तो हातात घेतला की मला ठरवता येत नाही. दंतवैद्य दवाखान्यात जाता जाता तळ्यावर थांबले होते. पांढरा कोट काढून, पँट दुमडून उतरायला निघाले होते. मी म्हटलं, नको, आमच्या घरचं माणूस येतंय.